कागदावरची मालकीण : मालवाहू गाडीचा चालक आणि दारूची चाचणी



मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत कर्जवसुलीचा विषय संपला, चहा आला आणि मागे बसलेल्या एका ताईंनी हळूच विचारलं, "मॅडम, माणूस रात्री प्यायला आणि झोपून उठला, तरी सकाळी मशीनमध्ये दारू येते का हो?"

दोघी-तिघी हसल्या. ताई हसल्या नाहीत. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी गटामार्फत बँकेचं कर्ज काढून त्यांनी पिकअप घेतली. कर्ज ताईंच्या नावावर, म्हणून गाडीही ताईंच्या नावावर. चालवतात त्यांचे मालक. कांदा भरायचा आणि वाशीच्या मार्केटला न्यायचा. एका रात्री भावकीत हळद होती. तिथं बसणं झालं. अकराच्या सुमाराला झोपले, पहाटे पाचला उठले, तोंड धुतलं, चहा घेतला, गाडी काढली. सहाच्या सुमाराला नाक्यावर पोलिसांनी अडवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं. मशीनवर ४६ आकडा आला. गाडी तिथंच उभी राहिली, कांदा दुसऱ्या गाडीत भरून पाठवावा लागला. पुढं कोर्टाची तारीख लागली आणि लायसन्स गेलं. हप्ता मात्र त्याच तारखेला आला.

ताईंची ठाम समजूत होती की मशीन बिघडलेलं होतं. "झोपून उठलेल्या माणसात दारू कुठून येणार?"

आपल्या गटांमध्ये ट्रक, टेम्पो, पिकअपवर पोट असलेली कितीतरी घरं आहेत. कुणाचे मालक चालक आहेत, कुणाचा मुलगा ऊस वाहतुकीला जातो, काहींची स्वतःची गाडी आहे आणि पगारी ड्रायव्हर ठेवलाय. म्हणून यावेळचा पाठ याच विषयावर.

मशीन नेमकं काय मोजतं

दारू पोटातून रक्तात जाते. रक्त फुप्फुसातून फिरतं, तेव्हा त्यातला थोडा अंश श्वासात उतरतो. मशीन तो श्वासातला अंश मोजतं आणि त्यावरून रक्तात किती दारू आहे ते सांगतं. तोंडाला वास येतो की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. वेलदोडा, बडीशेप, कांदा, पान खाऊन वास झाकता येतो. श्वासातली दारू झाकता येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असेल तर तो गुन्हा आहे. ट्रक असो, एसटी असो की मोटरसायकल, मर्यादा सगळ्यांना सारखीच.

आता ताईंच्या प्रश्नाचं गणित करू. बचतीचं व्याज काढतो तसंच आहे, घाबरू नका.

व्हिस्की, रम यांच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ७७ मिली निव्वळ अल्कोहोल, वजनात सुमारे ६१ ग्रॅम. साठ किलोच्या पुरुषाने ही एक क्वार्टर घेतली, तर रक्तातला आकडा साधारण १५० पर्यंत चढतो. आणि उतरतो किती? तासाला सुमारे १५. यकृत आपल्या गतीने काम करतं, त्याला घाई करता येत नाही. १५० वरून ३० वर यायला ८ तास लागतात आणि शून्यावर यायला १०. माणसागणिक, खाण्यागणिक हे कमी-जास्त होतं, पण हिशोब साधारण असाच बसतो.

रात्री अकराला क्वार्टर घेतली, सकाळी सहाला फुंकलं. सात तास झाले. सात गुणिले पंधरा म्हणजे १०५. १५० मधून गेले १०५, राहिले ४५. ताईंच्या मालकांचा आकडा होता ४६. मशीन खरं बोललं होतं.

बैठकीत मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा ताई बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे झोपेनं काही होत नाही?" झोपेनं थकवा जातो. दारू जाते ती फक्त वेळेनं. लिंबूपाणी, ताक, काळा चहा, थंड पाण्याची अंघोळ, उलटी काढणं, यातल्या कशानेही रक्तातला आकडा खाली येत नाही. उलट अंघोळ करून ताजातवाना झालेला माणूस जास्त धोक्याचा, कारण त्याला स्वतःलाच वाटतं की आपली उतरली.

"बियर म्हणजे काही दारू नाही" हेही आपण घरोघरी ऐकतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे क्वार्टरच्या दोन तृतीयांश. साठ किलोच्या माणसाला एका बाटलीत आकडा १०० च्या जवळ नेता येतो.

तंबाखू, गुटखा, बिडी मशीनमध्ये येत नाही. (ते चांगलं आहे असा अर्थ काढू नका!) खोकल्याच्या काही औषधांत थोडी दारू असते. नुकतंच औषध घेतलं असेल तर तोंडात उरलेल्या थेंबांमुळे आकडा वाढून येऊ शकतो. अशा वेळी पोलिसांना तसं सांगावं, चूळ भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासण्याची विनंती करावी.

नाक्यावर अडवल्यावर

गणवेशातला पोलीस किंवा परिवहन खात्याचा अधिकारी, चालक प्यायलेला असल्याचा वाजवी संशय आला तर फुंकायला सांगू शकतो. "मी फुंकणार नाही" म्हणून सुटका होत नाही. संशयाला कारण असेल तर नकार देणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि तो नकार कोर्टात त्याच्या विरुद्ध जातो. अटक झाल्यावर डॉक्टरमार्फत रक्ताचा नमुना घेतात.

चालकाच्या बाजूनेही कायद्यात एक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा. अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. झाली नाही तर त्याला सोडावं लागतं. चालक बाई असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर रक्त घेताना दुसरी स्त्री हजर असणं बंधनकारक आहे. आपल्यातल्या दोन मुली आता टेम्पो चालवतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाढली आहे. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर १५,००० रुपये किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा दंड सिग्नल तोडल्यासारखा जागेवर भरून मिटत नाही. प्रकरण कोर्टातच जातं. "इथंच मिटवू" असं कुणी म्हणालं, तर ती पावती नसलेली मिटवामिटवी आहे, दंड नव्हे.

याहून मोठा फटका लायसन्सचा. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की दारू पिऊन चालवणाऱ्याचं लायसन्स किमान ३ महिने निलंबित करा. चालकाच्या घरात तीन महिने लायसन्स नाही म्हणजे तीन महिने चूल कशावर पेटवायची हा प्रश्न. मग मोह होतो की "रात्रीचं कोण बघतंय, नेऊ गाडी." इथे ताईंनो, तुम्हीही अडकता. लायसन्स निलंबित असलेल्या माणसाला गाडी चालवू दिली, तर गाडीच्या मालकाला ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याच्या लेखी मालक म्हणजे आरसीवर नाव असलेली व्यक्ती.

गांजा, अफू आणि जागं राहण्याच्या गोळ्या

श्वासाचं मशीन फक्त दारू ओळखतं. गांजा, अफू, डोडा त्यात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी रक्त किंवा लघवी प्रयोगशाळेत तपासावी लागते. त्यामुळे काही चालकांना वाटतं की हे सुरक्षित. पण कलम १८५ मध्ये नशेच्या पदार्थांचाही समावेश आहे. गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असेल तर शिक्षा दारूइतकीच. शिवाय अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा वेगळा लागतो. गाडीत पुडी सापडली तर ती कुणाची, हे सिद्ध करत बसावं लागतं.

हे पदार्थ चालक शौक म्हणून घेतात असं नेहमीच नसतं. माल वेळेत पोचला नाही तर भाडं कापतात, म्हणून सलग सोळा-अठरा तास गाडी हाकायची आणि झोप मारायला काहीतरी घ्यायचं. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. लांब पल्ल्याला काही सवलत देऊन ती १० आणि ५४ तास केली. ढाब्यावर जाऊन कुठल्याही ड्रायव्हरला हे वाचून दाखवा, तो हसेल. नशेबद्दल फक्त चालकाला बोल लावणं मला म्हणूनच पटत नाही. ज्याने अशक्य वेळ ठरवून दिली, त्याचाही त्यात वाटा आहे. पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्या ताईंनी स्वतःलाही हे विचारावं.

सर्दी-खाज-ॲलर्जीच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते. त्या नशेच्या नाहीत, पण स्टिअरिंगवर डोळा लागायला तेवढं पुरतं. गोळी घेताना "मी गाडी चालवतो" हे डॉक्टरला सांगायचंच.

आता विम्याचं बघू

आपल्याकडे नवऱ्याला "मालक" म्हणायची पद्धत आहे. गंमत अशी की घरात मालक ते, आणि आरसीवर मालक तुम्ही. अपघात झाल्यावर कंपनी आणि कोर्ट घरातल्या मालकाला विचारत नाहीत, कागदावरच्या मालकिणीला विचारतात.

प्यायलेल्या चालकाकडून अपघात झाला तर तीन वेगळ्या गोष्टी होतात.

पहिली, आपल्या गाडीचं नुकसान. पॉलिसीतच अट असते की मालकाच्या माहितीने आणि संमतीने चालवणारी व्यक्ती नशेत असेल, तर भरपाई नाही. गाडी भंगारात गेली तरी कर्ज तसंच राहतं.

दुसरी, समोरच्याचं नुकसान. कुणाचा जीव गेला किंवा हातपाय गेले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवतं. ही रक्कम लाखांत जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालक नशेत असणं हा विमा कंपनीचा कायदेशीर बचाव आहे. अशा अटीचा भंग झाला की न्यायाधिकरण पुष्कळदा असा आदेश देतं : कंपनीने पीडितांना आधी पैसे द्यावेत आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करावेत. पीडितांच्या दृष्टीने हे योग्यच आहे, त्यांचं घर उघड्यावर पडायला नको. पण वसुलीची नोटीस येते ती आरसीवरच्या नावाला, म्हणजे ज्या ताईने त्या रात्री गाडी पाहिलीसुद्धा नाही, तिच्या नावाने.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणींना माहीतच नसते. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याच्यासाठी. गाडी तुमच्या नावावर आणि चालवतो नवरा, तर नवरा त्यात बसत नाही. मग तो शुद्धीत असो वा नसो. त्याच्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. विमा एजंटला हे स्पष्ट शब्दांत विचारा आणि उत्तर पॉलिसीत कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला लावा.

"अपघातानंतर चाचणीच झाली नाही, मग कंपनी कशी नाकारेल?" असा प्रश्न एकीने विचारला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या एका निकालात सांगितलंय की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी नसली तरी डॉक्टरची नोंद, वास, अपघाताची परिस्थिती यांवरून कंपनी आपलं म्हणणं मांडू शकते.

फौजदारी बाजूही हलकी नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर प्यायलेल्या चालकाची मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. ७ जण गेले, ८ जखमी झाले. हा नुसता निष्काळजीपणा नाही, सदोष मनुष्यवध आहे, असं उच्च न्यायालयाने धरलं आणि ३ वर्षांची शिक्षा दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मेलेले लोक आपल्यासारख्याच घरांतले होते, पोटासाठी शहरात गेलेले. चालकाच्या घरचं दुःख बोलताना हे दुसरं घर विसरता येत नाही.

दुसऱ्या देशात काय करतात

अमेरिकेत साध्या मोटारचालकाला बहुतेक ठिकाणी ८० ची मर्यादा आहे, पण ट्रकचालकाला ४०. म्हणजे आपला ३० चा आकडा त्यांच्याहून कडक आहे! फरक आहे तो तपासणीत. आपल्याकडे चाचणी नाक्यावर होते किंवा अपघातानंतर. तिथे ती नोकरीच्या दारातच सुरू होते. कामावर घेण्याआधी नशेच्या पदार्थांची चाचणी, नंतर वर्षभरात न सांगता चिठ्ठी काढल्यासारखी कुणाचीही चाचणी, मोठ्या अपघातानंतर चाचणी. कामाआधी ४ तास दारू घ्यायची नाही. आणि हे सगळं करवून घेण्याची जबाबदारी गाडी ज्याची, त्याच्यावर. जानेवारी २०२० पासून तिथे नापास झालेल्या चालकांची देशभराची एकच नोंद ठेवतात, म्हणजे एका मालकाकडून निघून दुसऱ्याकडे गुपचूप लागता येत नाही.

मला त्यातली एक गोष्ट आवडली. नापास झालेल्याला कायमचं हाकलत नाहीत. तज्ज्ञाकडे पाठवतात, उपचार करायला लावतात, पुन्हा चाचणीत पास झाला तर गाडी देतात, आणि पुढच्या वर्षभरात कमीत कमी ६ वेळा अचानक तपासतात. म्हणजे माणसाला परत उभं राहायची वाट ठेवली आहे, आणि नजरही ठेवली आहे.

आपल्याला काय करता येईल

पगारी ड्रायव्हर ठेवताना लायसन्सची खरी प्रत बघा, आधीच्या गाडीमालकाला फोन करून विचारा, आणि "प्यायल्यावर दहा तास किल्ली मिळणार नाही" हे कामावर घेतानाच लिहून सही घ्या. दहा तास का, ते वरच्या गणितात आलंय. जास्त घेतली असेल तर दहाही पुरत नाहीत, पूर्ण दिवस जाऊ द्या. एक खेप बुडाली तर भाडं बुडतं, तेवढंच.

घरचाच चालक असेल तर हे अवघड आहे, मला माहीत आहे. रात्री प्यायलेल्या नवऱ्याच्या हातून किल्ली काढून घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. मार खाणारी बाई तीच असते. बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना, आणि शक्यतो एकटीने नाही. आमच्या बैठकीत एकीने सांगितलं की तिच्या घरी भांडण न होता जमलं, कारण तिने दारूचा विषय काढलाच नाही. फक्त पॉलिसीचं ते पान मुलाला मोठ्याने वाचायला लावलं.

व्यसन जुनं असेल तर दोन गोष्टी जपा. रोज पिणाऱ्याने एका दिवसात एकदम बंद केलं तर थरथर, भास, फिट येऊ शकते. जीवावरही बेतू शकतं. म्हणून सोडायचं ते डॉक्टरच्या देखरेखीखाली. आणि "नवऱ्याला न कळता जेवणात टाका" म्हणून विकतात त्या पावडरी-गोळ्या कधीच वापरू नका. त्यातलं काही औषध पोटात असताना माणूस दारू प्यायला तर रक्तदाब एकदम घसरून प्राण जाऊ शकतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत फोन आहे, तिथे घरच्यांनाही सल्ला मिळतो. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, तिथे बायकोला आणि घरच्यांना बसवूनही बोलतात.

गटांनीही एक बदल करावा असं मला वाटतं. गाडीसाठी कर्जाचा अर्ज आला की आपण कोटेशन बघतो, जामीनदार बघतो. गाडी कोण चालवणार, त्याचं लायसन्स कोणत्या प्रकारचं, विमा कुठला, हे विचारतच नाही. अर्जाच्या मागच्या बाजूला या तीन ओळी वाढवायला काही खर्च नाही. कुणाला हा खाजगी विषय वाटेल. पण गाडी उभी राहिली की हप्ता थकतो, आणि थकलेला हप्ता गटाच्या वहीत लाल शाईने येतो, तेव्हा तो खाजगी राहत नाही.

त्या ताईंची पिकअप आता पुन्हा सुरू आहे. लायसन्स परत मिळेपर्यंत भाच्याला ड्रायव्हर म्हणून ठेवलंय, त्याला रोज पाचशे द्यावे लागतात, त्यामुळे हातात कमी उरतं. मालक शेजारी क्लीनरच्या जागेवर बसून वाशीला जातात, माल मोजून देतात. गाडीची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असते. भाचा ती ताईंकडून मागून घेतो.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी आरसी, विम्याची पॉलिसी आणि चालकाचं लायसन्स, तिन्हीची झेरॉक्स घेऊन यावी. कुणाच्या नावावर काय आहे आणि विम्यात कोण बसतंय, ते एकत्र बसून वाचू.